वुह्लेदार सोडून निघालेली 72 वी ब्रिगेड हरली का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडून घेतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. संरक्षणशास्त्राच्या प्रकल्पासाठी तुम्ही युक्रेनची 72 वी यांत्रिक ब्रिगेड निवडली आहे. वाचायला बसल्यावर एकमेकांशी न जुळणाऱ्या गोष्टी हाती लागल्या. ही ब्रिगेड आपलं मूळ स्टालिनग्राडच्या लढाईत सांगते, पण नाव लावते लाल, म्हणजे सोव्हिएत, सैन्याविरुद्ध लढलेल्या घोडदळाचं. 2014 मध्ये तिचे शेकडो जवान सीमा ओलांडून रशियात गेले, 2022 मध्ये तिनेच कीव्हची वेस धरून ठेवली, आणि 2024 च्या ऑक्टोबरात ती पूर्व युक्रेनमधलं वुह्लेदार हे गाव सोडून निघाली. तुम्ही विचारता, "ही खरंच एकच ब्रिगेड आहे का? आणि शेवटी तिला यशस्वी लिहू की अपयशी?"

मी पायदळात एकवीस वर्षं काढली. त्यातली तीन ब्रिगेड मुख्यालयात गेली, जिथे कुठली कंपनी कुठे बसणार, तिला कोण कधी मोकळं करणार आणि तोवर तिच्यापर्यंत पाणी-दारूगोळा कसा पोचणार हेच रोजचं काम होतं. निवृत्तीनंतर वेगवेगळ्या सैन्यांचे युनिट-इतिहास वाचतो. मी युक्रेनमध्ये लढलेलो नाही. इथे लिहितो ते नकाशे, दोन्ही बाजूंची निवेदनं, प्रसिद्ध झालेली चित्रीकरणं आणि माझ्या कामाचा अनुभव यांच्या आधारे.

मला वाटतं, तुमची अडचण यश-अपयशाची नाहीच. "ब्रिगेड" हा शब्द तुम्ही आपल्या अर्थाने वाचताय, आणि तिथेच गाठ बसली आहे.

आपल्याकडे सुट्टीवर आलेल्या जवानाला "कुठला रे तू?" असं विचारलं, तर तो पलटणीचं, म्हणजे आपल्या बटालियनचं नाव सांगतो. मराठा लाइट इन्फंट्रीचा असेल तर अमुक मराठा म्हणेल, बेळगावच्या सेंटरच्या आठवणी काढेल. आपली ब्रिगेड कितवी, हे त्याच्या तोंडी पहिल्यांदा येणार नाही. कारण आपल्या पलटणी ब्रिगेडमध्ये येतात, दोन-तीन वर्षं राहतात आणि पुढच्या ठिकाणी निघून जातात. ब्रिगेड हे घर भाड्याचं, पलटण हे कुटुंब. ध्वज, युद्धघोषणा, देवळातली आरती, हुतात्म्यांची नावं कोरलेली भिंत, सगळं पलटणीचं.

युक्रेनमध्ये हे सगळं ब्रिगेडचं असतं. बटालियन ब्रिगेडच्या पोटात जन्मते आणि तिथेच राहते. बाहीवरचा बिल्ला ब्रिगेडचा, छावणीचं गाव ब्रिगेडचं, मृतांची यादीही ब्रिगेडची. 72 व्या ब्रिगेडसारख्या यांत्रिक ब्रिगेडमध्ये साधारणपणे तीन यांत्रिक बटालियन, एक रणगाड्यांची बटालियन, स्वतःचा तोफखाना, रणगाडाविरोधी आणि हवाई संरक्षणाच्या तुकड्या, टेहळणी, इंजिनिअर, रसद आणि वैद्यकीय पथक असतं. आपल्याकडे तोफखाना डिव्हिजनकडून मागून घ्यावा लागतो, तिथे तो ब्रिगेड कमांडरच्या हाताशी असतो. सोव्हिएत काळातल्या डिव्हिजन मोडल्यानंतर युक्रेनकडे कायमस्वरूपी लढाऊ रचना म्हणून ब्रिगेडच उरली होती. तिच्यावरची मुख्यालयं गरजेप्रमाणे उभी राहायची, बदलायची. कायमच्या कोअरकडे, म्हणजे अनेक ब्रिगेडवरच्या कायमच्या मुख्यालयाकडे, जाण्याची सुरुवात झाली ती 2025 मध्ये.

या रचनेचा मोठा फायदा म्हणजे अशी ब्रिगेड एकटी, स्वतःच्या बळावर लढू शकते. तोटा तितकाच मोठा आहे, आणि वुह्लेदारला तोच भोवला. अख्खी ब्रिगेड मागे न्यायची तर तितकीच मोठी, तितकीच सज्ज दुसरी ब्रिगेड तिच्या जागी आणावी लागते. एक पलटण काढून दुसरी बसवण्याइतकं ते सोपं नसतं. हे डोक्यात ठेवून इतिहासाकडे येऊ.

वंशावळीतला गोंधळ तुम्ही बरोबर पकडलात. 29 वी रायफल डिव्हिजन स्टालिनग्राडला 64 व्या आर्मीत लढली आणि मार्च 1943 मध्ये तिला 72 वी गार्ड्स रायफल डिव्हिजन हा दर्जा मिळाला. "गार्ड्स" हा लढाईत चमकलेल्या सोव्हिएत तुकड्यांना मिळणारा मान. त्याच उन्हाळ्यात ती कुर्स्कच्या लढाईत होती. सप्टेंबर 1943 मध्ये खार्किव्ह प्रांतातलं क्रास्नोग्राद मुक्त केल्याबद्दल त्या गावाचं नाव तिला सन्मान म्हणून जोडलं गेलं. युद्धानंतर तिची मोटर रायफल डिव्हिजन झाली आणि कीव्हच्या दक्षिणेला सुमारे 80 किलोमीटरवरच्या बिला त्सेर्क्वा या गावात तिने मुक्काम टाकला. सोव्हिएत संघ विस्कटला तेव्हा तीच छावणी, तेच रणगाडे, बरेचसे तेच अधिकारी युक्रेनच्या वाट्याला आले. 1992 च्या सुरुवातीला तिथे युक्रेनशी निष्ठेची शपथ झाली. पुढे सैन्य आटत गेलं आणि 2002 मध्ये डिव्हिजनची ब्रिगेड झाली.

2014 नंतर युक्रेनला हा वारसा नकोसा झाला, आणि ते समजण्यासारखं आहे. समोरचं सैन्यही "गार्ड्स" म्हणवत होतं, त्याच लढायांचे बिल्ले लावत होतं. 2015-16 मध्ये सोव्हिएत सन्मान आणि "गार्ड्स" हा दर्जा काढून टाकण्यात आला. ऑगस्ट 2017 मध्ये ब्रिगेडला "चोर्नी झापोरोझ्त्सी", म्हणजे काळे झापोरोझियन, हे नाव मिळालं. हे नाव पेत्रो दियाचेन्को यांच्या घोडदळ रेजिमेंटचं. युक्रेनी जन-प्रजासत्ताकाच्या सैन्यात 1918 पासून ती बोल्शेविकांविरुद्ध लढली आणि 1919-20 च्या हिवाळी मोहिमेत शत्रूच्या पिछाडीला महिनोन्महिने घोडदौड करत राहिली. "युक्रेन किंवा मृत्यू" हे तिचं ब्रीद आज ब्रिगेडच्या बिल्ल्यावर आहे. प्रकल्पात हेही लिहा की दियाचेन्को 1945 मध्ये जर्मनांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या युक्रेनी तुकडीचे कमांडर होते. नाव घेतलं की त्याच्यासोबत सगळं येतं, सोयीचं तेवढं निवडता येत नाही. आणि क्रास्नोग्राद? त्या गावाचंच नाव 2024 मध्ये बदलून बेरेस्तिन झालं.

म्हणजे 1919 ची रेजिमेंट आणि 1943 ची डिव्हिजन एकमेकींच्या विरुद्ध विचारांच्या. दोघींमध्ये माणसांचा, शस्त्रांचा, छावणीचा काही संबंध नाही. छावणी आणि क्रमांक डिव्हिजनकडून आला, नाव आणि ब्रीद रेजिमेंटकडून घेतलं गेलं. ही लबाडी आहे असं मला वाटत नाही. आपल्याही सैन्याला हा प्रश्न सोडवावा लागला. ब्रिटिश काळात परदेशी भूमीवर मिळालेले बरेचसे युद्धसन्मान आपल्या पलटणी आजही अभिमानाने मिरवतात, पण आपल्याच लोकांविरुद्ध मिळालेले सन्मान आपण साजरे करत नाही. काय ठेवायचं आणि काय उतरवायचं हे प्रत्येक स्वतंत्र सैन्याला ठरवावंच लागतं. युक्रेनने ते उशिरा, युद्ध सुरू झाल्यावर ठरवलं.

तरीही तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: आजची 72 वी ब्रिगेड 2014 च्या उन्हाळ्यात सुरू होते. त्याआधी नाव, क्रमांक आणि बराकी होत्या. एकमेकांवर विसंबून लढणारी माणसं त्या उन्हाळ्यात तयार झाली, आणि तीही पराभवातून.

दोनबास या पूर्व युक्रेनच्या भागात बंड पेटल्यावर युक्रेनी सैन्याने रशियाची सीमा बंद करायचं ठरवलं. 72 वी, 24 वी आणि 79 वी अशा ब्रिगेडच्या तुकड्या सीमेला लागून असलेल्या लांबट, अरुंद पट्ट्यात घुसल्या. नकाशा समोर ठेवून पाहा. उत्तरेला बंडखोर, दक्षिणेला रशियाची हद्द, मध्ये काही किलोमीटरची चिंचोळी जागा आणि रसदीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके रस्ते. ब्रिगेड मुख्यालयातल्या कुठल्याही अधिकाऱ्याच्या अंगावर असा नकाशा पाहून काटा येईल. 11 जुलै 2014 रोजी झेलेनोपिल्ल्याजवळच्या तळावर रॉकेटांचा मारा झाला आणि 30 हून अधिक जवान गेले. युक्रेनी जवानांना रशियाच्या हद्दीतून मारा होत होता, पण तिकडे उलट गोळीबार करण्याची मुभा त्यांना नव्हती.

महिनाभर असं बसल्यावर दारूगोळा संपत आला. 4 ऑगस्टला काही तुकड्या सीमा ओलांडून रशियात गेल्या. रशियाने आकडा 438 सांगितला, युक्रेनने 311. ते आश्रय मागायला आले असं रशियाचं म्हणणं. युक्रेनचं म्हणणं, दारूगोळा संपल्यावर त्यांना दुसरा मार्ग उरला नव्हता, आणि त्यांच्यातले बहुतेक परतही आले. बाकीचे वेढा फोडून बाहेर पडले. तुम्ही याला "पळून जाणं" म्हटलंत. मी तो शब्द वापरणार नाही. गोळी नाही, पाणी नाही, जखमींना मागे न्यायला रस्ता नाही, अशा जागी बसलेल्या कंपनी कमांडरने माणसं वाचवली असतील तर जाब त्याला तिथे पाठवणाऱ्या मुख्यालयाला विचारायचा. प्रत्येक तुकडीची परिस्थिती वेगळी होती, तेव्हा सरसकट दोष देऊ नका आणि सरसकट माफीही देऊ नका.

दोनेत्स्क शहराजवळच्या अव्दिइव्कावर मी फार थांबणार नाही, पण ती पायरी वगळू नका. ऑक्टोबर 2016 पासून सुमारे वर्षभर ही ब्रिगेड तिथल्या औद्योगिक पट्ट्यात होती. 29 जानेवारी 2017 च्या पहाटे तिथे मोठी चकमक झाली. कॅप्टन आंद्री किझिलो त्यात पडले आणि त्यांना मरणोत्तर "युक्रेनचा वीर" हा किताब मिळाला. पुढचे काही दिवस तोफमाऱ्याने गावाची वीज गेली, कडाक्याच्या थंडीत घरं गोठली. त्या वर्षात ब्रिगेडने खंदकातली लढाई अंगी मुरवली: किती खोल खणायचं, टेहळणी कुठून ठेवायची, तोफखान्याला बरोबर आकडे कसे द्यायचे. 2022 मध्ये जे दिसलं त्याची तयारी इथे झाली होती.

24 फेब्रुवारी 2022 ला कर्नल ओलेक्सांद्र व्दोविचेन्को यांच्या या ब्रिगेडकडे राजधानीचा बचाव आला. कीव्हसारख्या शहराला साधारण काही हजारांची एक ब्रिगेड! लगेच एक गोष्ट स्पष्ट करतो. तिने एकटीने कीव्ह वाचवलं असं कुठे वाचलं असेल तर ते बरोबर नाही. राष्ट्रीय गार्डच्या तुकड्या, प्रादेशिक संरक्षण दलातले कालपरवा बंदूक हाती घेतलेले लोक, विशेष दलं आणि तोफखाना ब्रिगेड, सगळे होते. पण वायव्येचं मोश्चुन हे छोटं गाव आणि पूर्वेचा ब्रोवारीचा रस्ता या दोन्ही जागी तिचा भार मोठा होता.

मोश्चुन समजायला इरपिन नदी समजली पाहिजे. नदी म्हणावी इतकी ती रुंद नाही, पण तिचं खोरं दलदलीचं. ही नदी कीव्हच्या मोठ्या जलाशयाला मिळते तिथे तिची पातळी जलाशयापेक्षा खाली आहे. सोव्हिएत काळात मध्ये बांध घातला होता आणि नदीचं पाणी पंपांनी वर चढवून जलाशयात सोडलं जायचं. युक्रेनी सैन्याने आक्रमणाच्या पहिल्याच दिवसांत कोझारोविचीजवळचा तो बांध फोडला. जलाशयाचं पाणी उलटं खोऱ्यात शिरलं. देमिदिव्ह गावातल्या लोकांची तळघरं, परसबागा पाण्याखाली गेल्या. रशियाच्या छत्रीधारी सैन्याला चिलखती गाड्या पार न्यायला जागा उरली ती मोजकीच, आणि मोश्चुन त्या वाटेवर होतं. गावामागे पाइनचं जंगल आणि जंगलामागे कीव्ह.

तीन आठवडे त्या गावात आणि जंगलात जे झालं ते घरोघरची लढाई होती. झाडांच्या शेंड्यांवर तोफगोळे फुटत होते. अशा फुटीने खंदकात बसलेल्या माणसावर वरून लोखंड आणि लाकूड दोन्ही पडतं. डोक्यावर ओंडक्यांचं आणि मातीचं छप्पर नसेल तर खंदक असून नसल्यासारखा. गाव जवळजवळ पूर्ण मोडलं. नदीवर रशियाने तराफ्यांचे पूल टाकले, तोफखान्याने ते तोडले, आणि पाणी वाढत राहिलं.

ब्रोवारीजवळ मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जे झालं ते तुम्ही पाहिलं असेल, ड्रोनवरून टिपलेलं ते चित्रीकरण जगभर फिरलं. स्किबिन गावाच्या रस्त्यावर रणगाड्यांची रांग एकमेकांना खेटून चाललेली. तोफगोळे पडायला लागतात, रांग आखडते, गाड्या वळायला बघतात आणि एकमेकांच्या आड येतात. विद्यार्थ्यांना मी हे चित्रीकरण आवाज बंद करून, थांबवत थांबवत दाखवतो. गाड्यांमधलं अंतर मोजा, पायदळ कुठे उतरलं ते शोधा. ते उतरून पुढे झाडोरा तपासताना दिसत नाही. इथे 72 व्या ब्रिगेडचं कौशल्य होतं, आणि समोरच्याची घोडचूकही होती. दोन्ही लिहा. मार्चअखेर रशियाने कीव्हभोवतालचं सैन्य काढून घ्यायला सुरुवात केली आणि एप्रिलच्या पहिल्या दिवसांत तो भाग मोकळा झाला.

आता वुह्लेदार. तुमच्या प्रश्नाचा जीव इथे आहे.

या नावाचा अर्थ "कोळशाची देणगी". 1960 च्या दशकात खाणकामगारांसाठी वसवलेलं, युद्धापूर्वी 14 हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. आजूबाजूला सपाट शेतं आणि मध्येच उंचवट्यावर पाच-पाच, नऊ-नऊ मजल्यांच्या काँक्रीटच्या इमारती. वरच्या मजल्यावर दुर्बीण घेऊन बसलेल्या माणसाला दक्षिणेची पाव्लिव्का, मिकिल्स्के ही गावं आणि त्यामधलं सगळं उघडं रान दिसतं. पूर्वेची आणि दक्षिणेची आघाडी जिथे काटकोनात मिळते, त्या कोपऱ्यावर हे गाव बसलंय, आणि दोनेत्स्कहून वोल्नोवाखामार्गे दक्षिणेला जाणारा लोहमार्ग इथून तोफांच्या टप्प्यात येतो. म्हणून रशियाला ते हवं होतं.

72 वी ब्रिगेड 2022 च्या उन्हाळ्याच्या शेवटी तिथे आली. नोव्हेंबरात पाव्लिव्कासाठी झालेल्या लढाईत रशियाच्या 155 व्या नौदल पायदळ ब्रिगेडची इतकी हानी झाली की तिच्या जवानांच्या नावाने प्रिमोर्ये या रशियाच्या अतिपूर्वेकडच्या प्रांताच्या गव्हर्नरांना लिहिलेलं तक्रारीचं पत्र जाहीर झालं. जानेवारी-फेब्रुवारी 2023 मध्ये थेट वुह्लेदारवर चिलखती रांगा सोडण्यात आल्या. तीन आठवड्यांत 130 हून अधिक रणगाडे आणि चिलखती वाहनं नष्ट झाली असं युक्रेनी अधिकाऱ्यांनी सांगितलं. आकडा एका बाजूचा आहे, तेव्हा "युक्रेनच्या म्हणण्यानुसार" हे शब्द गाळू नका. पण शेतात एकमेकांवर चढलेल्या जळक्या गाड्यांचं चित्रीकरण दोन्ही बाजूंच्या लोकांनी पाहिलं आणि रशियातूनही त्यावर संताप व्यक्त झाला.

हे घडलं कसं ते मुख्यालयाच्या नजरेतून सांगतो, कारण "सुरुंगांनी मारलं" एवढं लिहून भागत नाही. सुरुंगपट्ट्यावर आपल्या शस्त्रांचा मारा नसेल तर शत्रू रात्रीत तो साफ करून पुढे येतो. वुह्लेदारला पट्टा, नजर आणि मारा हे तिन्ही जुळले होते. साफ केलेल्या वाटेने रांग आली की पहिली गाडी टिपली जायची. मागची बाजूला वळायची आणि सुरुंगावर चढायची. परत फिरणाऱ्या गाड्यांच्या वाटेत तोफेच्या गोळ्यांतून नवे सुरुंग टाकले जायचे, म्हणजे ज्या चाकोरीने आत आलो तीच बाहेर पडायला सुरक्षित, हा भरवसाही जायचा. पुढची रांग पुन्हा त्याच दिशेने. एवढं सगळं जुळवून आणायला टेहळणी करणारा, सुरुंगवाला आणि तोफखान्याचा माणूस एकमेकांचा आवाज ओळखणारे लागतात. हा ब्रिगेडने इतकी वर्षं एकत्र काढल्याचा फायदा होता.

मग दीड वर्षात काय बदललं? गावाचा उंचवटा तोच, शेतं तीच. मात्र विमानांनी लांबूनच सोडायच्या, पंख बसवलेल्या जड बॉम्बनी ज्या इमारतींवरून नजर ठेवली जायची त्याच पाडायला सुरुवात केली. लहान ड्रोनमुळे रसदीचा रस्ता धोक्याचा झाला. डिसेंबर 2023 मध्ये उत्तरेकडचं मारिंका रशियाच्या हाती गेलं, फेब्रुवारी 2024 मध्ये अव्दिइव्का. 2024 च्या उन्हाळ्यात रशियाने समोरून धडका मारण्याऐवजी दोन्ही बगलांवर जोर दिला. पश्चिमेला प्रेचिस्तिव्का गेलं, ईशान्येला खाणींच्या बाजूने वेढा आवळत आला, आणि बाहेर पडायला बोहोयाव्लेन्काकडची अरुंद वाट उरली.

आणि माणसं? ब्रिगेडला दोन वर्षांहून अधिक काळ खऱ्या अर्थाने बदली मिळाली नाही. एखादी कंपनी आठ-दहा दिवस मागच्या गावात नेली, आंघोळ-झोप झाली आणि परत आणली, याला बदली म्हणत नाहीत. एप्रिल 2024 मध्ये युक्रेनने भरतीचं किमान वय 27 वरून 25 वर आणलं, पण त्याच महिन्यात मंजूर झालेल्या दुसऱ्या, भरतीच्या कायद्यातून 36 महिन्यांनी सेवामुक्तीची तरतूद वगळली. पुढे बसलेल्या जवानाच्या घरी ही बातमी कशी पोचली असेल याचा विचार करा. त्याच काळात नव्या ब्रिगेड उभारायच्या की जुन्यांची भरती पूर्ण करायची यावर युक्रेनमध्येच कडवट वाद चालू होता. माझा कौल निःसंशय जुन्यांच्या बाजूने आहे. दहा जुन्या जवानांत चार नवे घातले तर महिन्याभरात चौदा कामाचे होतात. चौदा नवे एकत्र बसवले तर ते पहिल्या तोफमाऱ्यात एकमेकांची नावंही विसरतात.

बदली म्हणजे काय हे बाहेरच्याला पटकन कळत नाही, म्हणून माझ्याकडची गोष्ट सांगतो. आमच्याकडे तिला "हँडिंग-टेकिंग" म्हणतात. येणाऱ्या पलटणीचे लोक आधी येतात, जुन्यांबरोबर प्रत्येक मोर्चात रात्र काढतात. समोरचा स्नायपर कुठल्या खडकाआडून मारतो, पाण्याची खच्चरं कुठल्या वळणावर दिसतात, कुठला फोन पावसात बंद पडतो, हे तोंडी सांगितलं जातं. सुरुंगांचे नकाशे सही करून दिले-घेतले जातात. एका उंच चौकीवर आम्ही घाईत ताबा घेतला. आधीच्या तुकडीने दिलेल्या नकाशात एक जुना पट्टा राहून गेला होता. पाचव्या दिवशी आमचा एक शिपाई लाकडं आणायला उतरला आणि त्याचा पाय गेला. सातारकडचा पोरगा, एकोणीस वर्षांचा. स्ट्रेचरवर तो मला विचारत होता, "साहेब, नकाशात नव्हतं ना तिथं?" त्या दिवसापासून कुठल्याही युनिटचा इतिहास हाती आला की मी आधी पाहतो, त्यांना कधी आणि कोणी मोकळं केलं.

म्हणून वुह्लेदारला शेवटच्या आठवड्यात नवी तुकडी आणून काही साधलं नसतं. एकच धोक्याची वाट उरलेली असताना हँडिंग-टेकिंग होत नाही. बदली व्हायला हवी होती ती बगला शाबूत असताना, म्हणजे निदान सहा महिने आधी. सप्टेंबरअखेर ब्रिगेडच्या कमांडरची बदली झाली, जवानांची मात्र झाली नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांत माघारीचा निर्णय जाहीर झाला. तोवर बऱ्याच जणांना शेतांमधून, झाडांच्या ओळींच्या आडोशाने, ड्रोनच्या नजरेखाली पायीच निघावं लागलं.

माघारीचा हुकूम उशिरा आला असं माझं मत आहे. हे मत एका गोष्टीवर अवलंबून आहे: वरच्या मुख्यालयाने ते दिवस मागची फळी बांधायला वापरले असतील तर उशिराला काही कारण होतं. मागचा प्रदेश पाहता ते पुरेसं झालेलं दिसत नाही, कारण पुढच्या चार महिन्यांत कुराखोवे आणि वेलिका नोवोसिल्काही रशियाच्या हाती गेले. पण हेच उलट बाजूनेही वाचा. हा कोपरा दोन वर्षं टिकला तोवर ती गावंही टिकली.

तेव्हा प्रकल्पात "यशस्वी" आणि "अपयशी" असे दोन रकाने करू नका. त्याऐवजी 2014 पासूनच्या प्रत्येक मुक्कामासाठी चार गोष्टी लिहा: ब्रिगेड कधी आली, कोणाच्या जागी आली, रसदीचे रस्ते किती होते, आणि तिच्या जागी कोण आलं. सीमेवरच्या पट्ट्यात आणि वुह्लेदारला शेवटचा रकाना रिकामा राहील. अव्दिइव्कात तो भरेल. वुह्लेदार हातचं गेलं, हे खरं. पण माझ्या लेखी ते त्या रिकाम्या रकान्यामुळे गेलं, आणि तो भरणं ब्रिगेडच्या हातात नव्हतं.

आकडे घेताना प्रत्येकापुढे कोणी सांगितला ते लिहा. तारखा घेताना गाव "पडलं" असं जाहीर झाल्याचा दिवस आणि शेवटची तुकडी निघाल्याचा दिवस वेगळे असतात, हे विसरू नका. वुह्लेदारचा नकाशा काढाल तेव्हा उंचीच्या रेषा जरूर दाखवा. सपाट कागदावर ते गाव इतकं महत्त्वाचं का होतं ते कळणारच नाही. कच्चा आराखडा झाला की इथेच टाका, रसदीच्या रस्त्यांचा भाग मी तपासून देतो.